‘नॉट फाउंड’ आणि सोयाबीनची ट्रॉली

(हा पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातला सूर तसाच ठेवलाय. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत; टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.)

एसटीत खिडकीशी बसला असाल किंवा अभ्यासिकेतून पाच मिनिटं पाय मोकळे करायला बाहेर आला असाल, तर आधी एक गंमत करा. फोनवर रोज बघता ती कुठलीही वेबसाइट उघडा. पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेघ द्या आणि पुढे काहीही टाका. ‘चिवडा’ टाका. आता एंटर.

काय दिसलं? बहुतेक ४०४. ‘नॉट फाउंड’. कुठे एखादं कार्टून असेल, कुठे नुसता पांढरा पडदा आणि इंग्रजीतली एक ओळ.

आजचा भाग याच पानावर आहे. तुम्ही म्हणाल, चुकलेल्या पत्त्याच्या पानावर एवढं काय बोलायचं? मलाही दोन वर्षांपूर्वी असंच वाटायचं. मग एका काकांनी मला एक वाक्य ऐकवलं. ते वाक्य मी शेवटापर्यंत तुमच्यासोबत ठेवणार आहे.

अकरा मेसेज

मी बुलढाणा जिल्ह्यातला, चिखली तालुक्यातला. वेब ॲप बनवतो, तेही घरूनच, लाइट आणि नेट एकाच वेळी असले की.

२०२४ चा सोयाबीनचा हंगाम. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि खुल्या बाजारात त्याहून बराच कमी. साहजिकच हमीभावाच्या खरेदीला झुंबड. ट्रॉल्यांची रांग, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत, रात्र रात्र ट्रॉलीवर झोपणं. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचा एक गट मला म्हणाला, “भाऊ, कोणाचा नंबर कधी हाय ते मोबाइलवर दिसंल असं काही करून दे ना.”

दिलं करून. जँगोमध्ये छोटंसं ॲप. नाव नोंदवा, टोकन मिळतं, मेसेजवर लिंक येते, लिंक उघडली की तारीख आणि वेळ. लोक खूश, मी त्याहून खूश.

एका संध्याकाळी मेसेज पाठवणारी यंत्रणा अडली. अकरा जणांचे मेसेज राहिले. म्हटलं, अकराच तर आहेत, व्हॉट्सॲपवर हाताने टाकू. आणि मी लिहिलं, ‘तुमची वेळ या’, पुढे लिंक, आणि लिंकला चिकटून ‘वर पाहा’.

आता यात चूक काय? मराठीत ‘वर’ शब्दाला चिकटूनच येतो. बांधावर, टेबलावर, लिंकवर. शाळेत बाईंनी हेच शिकवलं. पण फोनने ते ‘वर’ही लिंकमध्येच धरलं. माझ्या ॲपकडे २१५ नंबरच्या टोकनऐवजी ‘२१५वर’ अशी मागणी आली. असं टोकन कुठून असणार? ॲपने सांगितलं, नॉट फाउंड.

अकरापैकी काहींनी फोन करून विचारलं, काही न विचारताच आले. एक काका आलेच नाहीत. दोन दिवसांनी मीच फोन केला.

“काका, तुमचा नंबर लागला होता. तुम्ही आलेच नाही?”

“कसा येऊ बाप्पा? लिंक उघडली तं नाव नाई सापडलं म्हणे. पोरीनं वाचून दाखवलं. मले वाटलं, यादीतून कटलो.”

काकांनी भरलेली ट्रॉली गावातल्या व्यापाऱ्याकडे रिकामी केली होती, क्विंटलमागे पाच-सहाशे रुपये कमी घेऊन. मी सॉरी सॉरी करत होतो. आणि ते मलाच समजावत होते, “जाऊ दे. आपलंच काही चुकलं असंल.”

आपलंच काही चुकलं असंल. हे ते वाक्य.

४०४ येतो कुठून?

आता थोडं आत शिरू. तुम्ही लिंक दाबली की तुमचा ब्राउझर सर्व्हरकडे एक मागणी पाठवतो, अमुक पान द्या. सर्व्हर उत्तर देतो आणि उत्तराच्या माथ्यावर एक तीन आकडी नंबर लावतो. याला म्हणतात स्टेटस कोड. २ ने सुरू झाला तर काम झालं. ३ असेल तर दुसरीकडे जा. ४ म्हणजे चूक मागणाऱ्याकडची. ५ म्हणजे चूक सर्व्हरची.

आणि ४०४ कुठल्या गटात? चौथ्या. म्हणजे नियमाप्रमाणे चूक काकांची! सर्व्हरच्या भाषेत ते बरोबरच आहे, मागितलेला पत्ताच चुकीचा होता. पण तो चुकीचा पत्ता त्यांना दिला कुणी? मी.

इंटरनेटवर एक गोष्ट फिरते, की वेबचा जन्म झाला त्या स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत ४०४ नंबरची खोली होती, तिथून फाइल सापडेना, म्हणून हा आकडा. ऐकायला झकास, पण खरी नाही. टिम बर्नर्स-ली यांच्यासोबत वेब उभारणारे रॉबर्ट कायो यांनीच ती खोडून काढली आहे.

खरी गोष्ट त्याहून भारी आहे. वेब बनवताना बर्नर्स-ली यांनी एक तडजोड स्वीकारली. कुणीही कुणाच्याही पानाची लिंक देऊ शकतो, परवानगी नको, कुठल्या एका कार्यालयात नोंद नको. याची किंमत एवढीच, की समोरच्याने पान हलवलं तर तुमची लिंक तुटणार. तुटलेली लिंक चालेल, पण दार सगळ्यांना उघडं हवं. त्यामुळे वेब आहे तोवर ४०४ राहणारच. तो टाळता येत नाही. तो कसा सांगायचा, एवढंच आपल्या हातात.

बुलढाण्याचं तिकीट द्या

आता आपल्या जिल्ह्यात या. बुलढाणा शहराला रेल्वे स्टेशन नाही. जिल्ह्याचं ठिकाण आहे, पण गाडी येत नाही. समजा, मुंबईत कुणीतरी तिकीट खिडकीवर गेलं आणि म्हणालं, “एक बुलढाणा द्या.” खिडकीमागे तीन तऱ्हेची माणसं असू शकतात.

पहिला म्हणतो, “नाही.” आणि खिडकी बंद. बोलला खरं, पण माणूस तिथेच उभा. हे झालं कोरं, आयतं ४०४ पान.

दुसरा म्हणतो, “हो हो, आहे ना!” आणि हातात भलत्याच गावाचं तिकीट देतो. माणूस खूश होऊन गाडीत बसतो आणि कुठेतरी नको तिथे उतरतो.

तिसरा म्हणतो, “बुलढाण्याला स्टेशन नाही. मलकापूरचं घ्या. तिथून मोताळ्यावरून, राजूर घाट चढून एसटी जाते.”

तिसरा माणूस म्हणजे चांगलं ४०४ पान. तो ‘नाही’ हे स्पष्ट सांगतो आणि पुढची वाट दाखवतो. दोन्ही हवं, एक असून भागत नाही.

आणि मी काय केलं असेल? काकांच्या फोननंतर घाईघाईत मी नेमका दुसरा माणूस झालो.

माझी दुसरी चूक

त्या रात्री मी ठरवलं, ४०४ दाखवायचाच नाही. पत्ता चुकला की सरळ मुखपृष्ठावर पाठवायचं. दोन ओळींचं काम. झोपलो शांत.

मुखपृष्ठावर सगळ्यात मोठं बटण होतं ‘नोंदणी करा’. चुकीची लिंक घेऊन आलेल्या लोकांना वाटलं, आधीची नोंदणी गेली वाटतं, परत करा. एकाच माणसाची दोन-दोन टोकनं. रांगेत भांडणं. आणि मला पत्ताच नाही, कारण माझ्या नोंदींमध्ये एकही चूक दिसत नव्हती. चुका दाखवणारा आकडा मीच पुसला होता ना!

पान नाही, पण सर्व्हर सांगतो ‘२००, सगळं ठीक’, याला म्हणतात सॉफ्ट ४०४. सरसकट मुखपृष्ठावर ढकलणं हाही त्यातलाच प्रकार. गूगलही बऱ्याचदा त्याला सॉफ्ट ४०४ च धरतं. कारण स्टेटस कोड माणसाला दिसत नसला तरी मशिनं तोच वाचतात: सर्च इंजिन, लिंका तपासणारी टूल्स, तुमचं स्वतःचं ॲप. म्हणून पहिला नियम लिहून घ्या. पान कितीही गोड असू दे, वरचा आकडा ४०४ च हवा.

लावायचं कसं?

आता हात चालवू. मी जँगोचं सांगतो, मग बाकीच्यांचं पटकन.

जँगोत तुमच्या टेम्पलेट फोल्डरमध्ये, सगळ्यात वरच्या पातळीवर, ‘४०४ डॉट एचटीएमएल’ नावाची फाइल ठेवा. झालं. पान सापडलं नाही की जँगो ती स्वतःहून उचलतो आणि कोडही ४०४ चाच लावतो. पण नवीन पोरं इथे हमखास अडकतात. फाइल ठेवली तरी पिवळट तांत्रिक पान दिसतं, सगळे पत्ते छापलेलं. कारण सेटिंग्जमध्ये ‘डीबग’ ट्रू असतं. ते फॉल्स केलं की तुमचं पान दिसतं. फॉल्स केलं की ‘अलाउड होस्ट्स’मध्ये आपल्या साइटचं नाव टाकावं लागतं, आणि घरच्या मशिनवर सीएसएस, चित्रं गायब होतात. घाबरू नका. त्या वेळी जँगोचा चाचणीचा सर्व्हर स्टॅटिक फाइली देणं बंद करतो, एवढंच.

पानावर जास्तीचं काही दाखवायचं असेल तर मुख्य यूआरएल फाइलमध्ये ‘हँडलर४०४’ ला आपलं फंक्शन द्यायचं. त्यात रेंडर करताना ‘स्टेटस बरोबर ४०४’ लिहायला विसरलात, की उत्तर जातं २०० चं. झाला सॉफ्ट ४०४.

फ्लास्कमध्ये ‘एररहँडलर’ लावलेल्या फंक्शनमधून टेम्पलेट आणि स्वल्पविराम देऊन ४०४, अशी जोडी परत करायची. एक्स्प्रेसमध्ये सगळ्या राउट्सच्या खाली, अगदी शेवटी, एक सर्वसाधारण हँडलर ठेवायचा. वर ठेवलात तर सगळी साइटच ४०४! लाराव्हेलमध्ये व्ह्यूजच्या आत ‘एरर्स’ फोल्डर करून ‘४०४ डॉट ब्लेड डॉट पीएचपी’.

अपाचे वापरत असाल तर ‘एररडॉक्युमेंट ४०४’ आणि पुढे पानाचा पत्ता, पण तिरपी रेघ देऊन साइटच्या आतला. पूर्ण पत्ता, एचटीटीपीपासून सुरू होणारा, दिलात तर अपाचे माणसाला दुसरीकडे पाठवतो आणि ४०४ हरवतो. एन्जिनएक्समध्ये ‘एरर पेज ४०४’ आणि पत्ता. मध्ये बरोबरचं चिन्ह टाकलंत तर कोड त्या पानाचा लागतो, म्हणजे बहुतेक २००. रिॲक्टवाल्यांनो, तुमचा सर्व्हर बहुतेक वेळा प्रत्येक पत्त्याला तेच इंडेक्स पान देतो, २०० लावून. पडद्यावर ‘सापडलं नाही’ दिसतं, पण मशिनला ते कळतच नाही. तिकडे लक्ष द्या.

आणि हे सगळं करून झाल्यावर तपासा. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कचा टॅब, चुकीचा पत्ता टाका, आकडा वाचा. पानाकडे बघू नका, आकड्याकडे बघा.

काही ‘नाही’ वेगळे असतात

एक गोष्ट मला उशिरा उमगली. प्रत्येक ‘नाही’ हा ४०४ नसतो.

पान दुसऱ्या पत्त्यावर गेलं असेल तर ३०१ द्या, म्हणजे ‘कायमचं तिकडे हललं’. आपल्या महाराष्ट्रात याचं उदाहरण शोधायला नको. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. तुमच्या ॲपमध्ये गावांच्या नावाने पत्ते असतील आणि तुम्ही ते बदलले, तर जुनी लिंक घेऊन येणाऱ्याला ४०४ देऊ नका. गाव तिथेच आहे, फक्त पाटी बदलली.

आणि गोष्ट खरोखर संपली असेल, परत येणार नसेल, तर ४१०. म्हणजे ‘होती, आता नाही’.

माझ्या ॲपमध्ये इथे एक मोठी गडबड होती. टोकन रद्द झालं की मी ते डेटाबेसमधून पुसून टाकायचो. म्हणजे रद्द झालेल्या माणसालाही ४०४ आणि लिंकला ‘वर’ चिकटलेल्या काकांनाही ४०४. मग काकांनी ‘यादीतून कटलो’ असा अर्थ काढला, तर त्यांचं काय चुकलं? आता मी काहीच पुसत नाही. रद्द टोकनला स्वतःचं पान आहे: ‘हे टोकन रद्द झालं आहे’, कारण, आणि विचारणा कुठे करायची.

पानावर लिहायचं काय?

आधी भाषा. ॲप मराठी आणि चुकीचं पान इंग्रजी, हे चालणार नाही. काका पुढे मला म्हणाले होते, “इंग्रजीत लिवलं होतं, म्हणजे सरकारीच असंल.” आपण न लिहिलेली ओळ त्यांनी हुकूम म्हणून वाचली.

माझ्या पानावर आता हे आहे. पहिली ओळ: ‘हे पान सापडलं नाही.’ दुसरी: ‘याचा तुमच्या नोंदणीशी संबंध नाही. लिंकमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त झालं असेल.’ आधी मी लिहिलं होतं, ‘तुमची नोंदणी सुरक्षित आहे.’ मग ते काढलं. त्या पानाला समोर कोण आहे हेच माहीत नसतं, तर ते असा शब्द कसा देणार?

खाली एक चौकट: मोबाइल नंबर टाका, तुमच्या टोकनची लिंक त्याच नंबरवर परत येईल. त्याखाली फोनचं बटण, दाबलं की गटाच्या माणसाला फोन लागतो. बस. ‘नोंदणी करा’चं बटण मुद्दाम ठेवलेलं नाही.

पान हलकं ठेवा. सीएसएस त्याच फाइलमध्ये, मोठं चित्र नको, बाहेरून येणारा फॉन्ट नको. शेतात एक कांडी नेटवर्क असताना तेच उघडायला हवं. विनोद करायचा तर करा, खाण्यापिण्याच्या ॲपवर शोभतो. ट्रॉली भरून उभ्या असलेल्या माणसाशी नको.

न सापडलेल्यांची वही

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. ४०४ खरा द्यायला लागलात की त्याची नोंद ठेवा: कुठला पत्ता मागितला, कुठून आला. आठवड्यातून एकदा वाचा.

माझ्या वहीत काय सापडलं सांगू? ‘वर’ तर होतंच. इंटरनेटच्या पत्त्यात मराठी अक्षर आलं की त्याचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून लिहिला जातो. ‘वर’ ही दोन अक्षरं तिथे अठरा चिन्हं होऊन बसतात. मला आधी वाटलं कुणी हॅक करतंय!

दुसरं, मराठी आकडे. लोक फोनच्या मराठी कीबोर्डवरून टोकनचा नंबर देवनागरीत टाकत होते. गंमत बघा, पायथॉन देवनागरी आकडे नीट ओळखतो, त्याचा आकड्यांत बदलही करतो. पण जँगोच्या पत्त्यातला ‘इंट’ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ स्वीकारतो. म्हणजे मराठीत नंबर टाकला की ४०४.

तिसरं, आपल्या जिल्ह्याचं नाव. मराठीत बुलढाणा आणि बुलडाणा दोन्ही चालतं, इंग्रजीतही एच घालून आणि न घालता. लोक दोन्ही टाकणार, दोन्ही बरोबर.

तिन्ही ठिकाणी लोक चुकले नव्हते, माझ्या ॲपला मराठी येत नव्हतं. आता ते आकड्यामागचं ‘वर’ कापतं, देवनागरी आकडे बदलून घेतं, दोन्ही स्पेलिंग ओळखतं आणि बरोबर पानावर नेतं. जिथे खात्री नाही तिथे अंदाज लावत नाही, ४०४ च देतं. चुकून दुसऱ्याचं टोकन दाखवण्यापेक्षा ‘नाही’ बरं. आणि हो, मी हाताने मेसेज टाकतो तेव्हा लिंक वेगळ्या ओळीवर असते.

पुढच्या हंगामात मी ते नवं पान काकांना दाखवलं. मुद्दाम चुकीची लिंक दिली. त्यांनी चष्मा चढवला, दोन्ही ओळी स्वतः वाचल्या, पोरीला हाक न मारता. मग म्हणाले, “म्हंजे लिंक चुकली, मी नाई.”

मंडळी, एवढंच काम आहे या पानाचं.

आज रात्री आपापल्या ॲपवर ‘चिवडा’ टाकून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!